गाडी कोण हाकत होता?

मेश्राम सरांच्या गाडीत बसलं की पहिला सिग्नल यायच्या आत एक तरी अमेरिकन सिनेटर मरायचा. कधी सिनेटर, कधी गव्हर्नर, कधी राजधानीतलं अधिवेशन आटोपून घरी निघालेला एखादा प्रतिनिधी. सगळे फार जुन्या काळातले, तो देश नुकता उभा राहत होता तेव्हाचे. कुणाचे घोडे उतारावर उधळले, कुणाच्या गाडीचं चाक निखळलं, कुणी घाबरून चालत्या बग्गीतून उडी मारली आणि दगडावर आपटून जागीच गेला. सर हे सगळं शांतपणे सांगायचे आणि त्याच सुरात पुढे म्हणायचे, "आता लेफ्ट इंडिकेटर द्या ताई. नुसता आरसा नाही पाहायचा, मान वळवा."

मी पंचेचाळिशी उलटल्यावर, अमेरिकेला लागून असलेल्या या देशात, किचनर शहरात गाडी शिकले. आधी नवऱ्याकडून शिकायचा प्रयत्न केला होता, पण संसार टिकवायचा असेल तर काही गोष्टी बाहेरच्यांकडून शिकाव्यात हे आम्हा दोघांनाही लवकरच पटलं. मग कुणीतरी सरांचं नाव सांगितलं. अंगात काळवेळ न बघता घातलेला तपकिरी बिनबाह्यांचा स्वेटर, जाड भिंगाचा चष्मा आणि थंडी पडली रे पडली की डोक्यावर माकडटोपी. ती टोपी त्यांनी नागपूरहून आणली होती, आणि इथल्या कुठल्याही टोपीला तिची सर नाही असं त्यांचं ठाम मत होतं. लर्नरच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. माझा गोंधळ उडाला की ते नुसतं "बाप्पा!" म्हणायचे आणि गाडी हळूच थांबायची. आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही.

सर मूळचे कामठीचे. कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि अमेरिकेच्या सुरुवातीच्या काँग्रेसवर पीएचडी करत होते. त्यासाठी जुन्या पुढाऱ्यांची चरित्रं वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं की यातले बरेच जण घोडागाडीच्या अपघातात गेले आहेत. आणि दुसरं एक लक्षात आलं. मेलेल्या माणसाबद्दल पानंच्या पानं असतात. अंत्ययात्रेला कोण आलं होतं, भाषणात कोण काय बोललं, सगळं असतं. घोडा कुठल्या रंगाचा होता हेसुद्धा असतं. गाडी कोण हाकत होता, ते मात्र नसतं. नुसतं "त्यांची गाडी उलटली". जशी काही ती गाडी आपली आपणच निघाली होती.

"मोठ्या माणसाची गाडी म्हटल्यावर हाकणारा असणारच ना ताई," सर म्हणायचे. "दक्षिणेत तर बहुतेक गुलामच असायचा. साहेब मेला. मग याचं काय झालं? हाही मेला का? वाचला असेल तर मारला का याला? विकला का? पुढे कधी लगाम धरला का यानं? काही नाही. पुस्तकातून गायब."

त्यांनी हाच विषय घ्यायचं ठरवलं. गाइड म्हणाले, साधनं मिळणार नाहीत, विषय बदला. सरांनी विषय बदलला नाही, म्हणून पीएचडी झाली नाही. मुलामागे इथे आले तेव्हा इथल्या कॉलेजांना त्यांच्या पदव्या कळल्या नाहीत. सर एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला लागले. यात काही उपरोध आहे असं मी एकदा म्हणाले, तर ते हसले. त्यांचे वडील कामठी स्टेशनवर टांगा चालवायचे. एक नगरसेवक वर्षानुवर्षं त्याच टांग्यातून फिरायचा, पण वडिलांचं नाव त्याला कधी ठाऊक झालं नाही. "अरे टांगेवाल्या" म्हटलं की त्याचं काम होत होतं. सर हे सांगताना चिडायचे नाहीत, पण टॅक्सीत कधी मागे बसायचे नाहीत. पुढे, चालवणाऱ्याच्या शेजारी बसायचे आणि बसल्या बसल्या त्याचं नाव विचारायचे. पीयर्सन विमानतळावरून येताना एका सोमाली टॅक्सीवाल्याशी त्यांनी अशी काही दोस्ती केली की तो पुढे सरांच्या पत्नी निर्मलाकाकूंच्या हातचं सावजी खायला घरी आला, आणि डोळ्यांतून पाणी काढत दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

निर्मलाकाकू या सिनेटरांना पार वैतागल्या होत्या. "अहो, पाहुणे जेवून राहिले, आता तरी कुणाला मारू नका," असं त्या माझ्यासमोर म्हणाल्या आहेत.

एका एप्रिलमध्ये एटोबिकोच्या हॉलमध्ये जयंतीचा कार्यक्रम होता. सरांना तिथे अमेरिकेच्या राज्यघटनेवर बोलायला सांगितलं होतं. आमच्याकडच्या सगळ्या कार्यक्रमांसारखाच तोही उशिरा सुरू झाला होता, लोकांचं लक्ष मागच्या टेबलावरच्या जेवणाकडे होतं, आणि सर उभे राहून जयभीम घालून थेट घोडागाडीवर आले. संयोजकांनी कपाळाला हात लावला. सरांनी एका पुढाऱ्याचा अपघात रंगवून सांगितला आणि विचारलं, "आता मला सांगा, गाडी कोण हाकत होता?" पहिल्या रांगेतली एक शाळकरी मुलगी म्हणाली, "मेबी नोबडी नोज?" आणि थोडं थांबून, "मेबी नोबडी आस्क्ड." सर मंचावरून खाली उतरले, तिच्यासमोर वाकले आणि म्हणाले, "माझ्या गाइडला हे बारा वर्षांत नाही सुचलं बेटा." भाषण तिथेच संपलं. जेवणं वेळेवर झाली म्हणून संयोजकही खूश झाले.

इथवरचे सर सगळ्यांना ठाऊक आहेत. पण मला लिहायचं आहे ते प्रणालीच्या बाबतीतल्या सरांबद्दल.

प्रणाली अमरावतीची. आमच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायची. म्हाताऱ्या आणि आजारी माणसांची घरी जाऊन देखभाल करण्याचा कोर्स तिने इथे केला होता, आणि आसपासच्या खेड्यांत काम देणारी एक संस्था तिला घ्यायला तयार होती. अट एकच, लायसन्स हवं, कारण त्या खेड्यांत बस जात नाही. त्या नोकरीवर तिचं पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी, अवलंबून होतं आणि पीआरवर तिकडे अमरावतीत बसलेलं अख्खं घर. मीच तिला सरांकडे पाठवलं.

किचनरच्या बाहेर पडलं की मेनोनाइट लोकांची शेतं लागतात. हे जुन्या वळणाचे ख्रिस्ती लोक. त्यांच्यातले कट्टर अजूनही मोटारी वापरत नाहीत, काळ्या बग्गीतून ये-जा करतात. आपल्याकडून आलेल्या पोरांना सर पहिल्या दिवशी सांगायचे, की इथे हॉर्न म्हणजे शिवी, आणि घोड्यामागे हॉर्न म्हणजे गुन्हा. हवं तर स्टिअरिंग धरून बसून राहा, पण हॉर्नला हात लावायचा नाही. प्रणालीलाही सांगितलं होतं. पण आपल्याकडे हॉर्न डोक्यात नसतो, हातात असतो. पुढच्याला ओलांडताना एकदा वाजवायचा, मी येतेय बरं का, एवढंच सांगायला. अमरावतीच्या रस्त्यांवर स्कूटी चालवताना तो सभ्यपणा असतो.

सप्टेंबरमधली स्वच्छ दुपार होती. समोर बग्गी, त्यात एक म्हातारं जोडपं. प्रणालीने वेग कमी केला, समोरचा रस्ता मोकळा पाहिला, बरंच अंतर ठेवून गाडी बाहेर काढली. सगळं बरोबर केलं. आणि शेजारी पोहोचताना हलकेच हॉर्न दिला.

सरांनी ब्रेक दाबला, पण आवाज कसा परत घेणार? घोडा उसळला, कडेची चाकं चरात गेली आणि बग्गी कलंडली. म्हातारा लगाम धरून होता, त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. म्हातारी बाहेर फेकली गेली. तिचं कमरेचं हाड मोडलं.

सरांनी आधी फोन केला, मग चरात उतरून आपला स्वेटर काढून तिच्या डोक्याखाली घातला. प्रणाली गाडीतच बसून होती. सर परत आले तेव्हा तिने त्यांचा हात धरला. हे तिनेच मला नंतर सांगितलं.

"सर, प्लीज, पोलीस येऊन राहिले. तुम्ही सांगा ना तुम्ही चालवत होते म्हणून. तुम्ही सिटिझन आहे, तुम्हाला काही नाही करणार. माझं पीआर जाईन हो सर. मी संपून जाईन."

सर म्हणाले, "नाही बेटा."

अधिकारी आल्यावर सर तिच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. म्हणाले, "शी वॉज ड्रायव्हिंग. आय वॉज टीचिंग हर. प्लीज राइट बोथ नेम्स." आणि दोन्ही नावांची स्पेलिंगं सांगितली, आधी तिच्या नावाचं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या मराठी मंडळींत सरांची जी संभावना झाली, ती लिहायलासुद्धा लाज वाटते. परक्या देशात पोटच्या पोरीसारखी पोर, आणि म्हातारपणी एक शब्द फिरवता आला नाही. कसले सर? स्वतःचं कातडं वाचवलं. खरं तर कातडं काही वाचलं नव्हतं. स्कूलने त्यांची गाडी काढून घेतली आणि पुन्हा बोलावलं नाही. प्रणालीवर झाली ती साधी रहदारीची कारवाई, तिच्या अर्जाला त्याची झळ लागली नाही. पण हे कळायला कितीतरी आठवडे गेले, आणि तोवर ती पोर बेसमेंटच्या खिडकीशी नुसती बसून असायची. मीही संतापले होते. सरांच्या घरी जाऊन त्यांना तोंडावर विचारलं, एवढं खोटं बोलला असता तर काय आभाळ कोसळलं असतं?

सर म्हणाले, "ताई, मी चालवत होतो म्हटलं असतं, तर ही त्या गाडीत नव्हतीच असं झालं असतं. मग ही रडणार कुठं जाऊन? त्या बाईची माफी मागायची तर कुणाच्या नावानं मागणार? जन्मभर चोरासारखी जगली असती ती. तशी माणसं मी फार शोधली. सापडत नाहीत ती पुन्हा."

मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर आजही पूर्ण पटलेलं नाही. ज्याची नोकरी टांगणीला लागते त्याला तत्त्व सांगणं सोपं असतं, असं मी तेव्हा म्हणाले आणि चहा न घेता निघाले. सरांनी मला दारापर्यंत पोहोचवलं. "एक गोष्ट मात्र मी करणार आहे," ते म्हणाले. "पुस्तकातला हाकणारा पुन्हा लगाम धरतो का, ते मला नाही पाहायला मिळालं. ही पोरगी धरेल."

पण प्रणाली गाडीत पुढे बसायलाही तयार नव्हती. लायसन्सचं नाव काढलं की उठून जायची. एका किराणा दुकानात शेल्फ भरण्याचं काम तिने धरलं. संस्थेने वाट पाहतो म्हणून सांगितलं होतं, पण कुणी किती वाट पाहणार?

ऑक्टोबरच्या एका रविवारी सर स्वतःच्या जुन्या गाडीतून आले आणि प्रणालीला म्हणाले, "त्या बाईंना भेटायला जाऊ. निर्मलानं शेवया करून दिल्या आहेत." प्रणाली मागच्या सीटवर मान खाली घालून बसली. आधारासाठी मीही गेले.

म्हातारीला स्वयंपाकघरातच खिडकीशी पलंग टाकून ठेवलं होतं. अंगावर तुकडे जोडून शिवलेली जाड गोधडी. सर काय बोलायचं ते ठरवून आले होते. हॉर्न का वाजला, आमच्याकडे त्याचा अर्थ काय असतो, चूक कुठे कुणाची. ते बोलायला लागले तर म्हातारबुवा मध्येच म्हणाले, "इट इज फरगिव्हन." आणि कॉफी ओतायला गेले.

म्हातारीने प्रणालीला जवळ बोलावलं. "वर यू हर्ट?" तिने विचारलं.

तुला लागलं का, हा प्रश्न त्या सगळ्या दिवसांत प्रणालीला कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. ती पलंगाच्या कडेला डोकं टेकून रडली, आणि म्हातारी तिच्या केसांवरून हात फिरवत नवऱ्याकडे बघून म्हणाली, "दॅट हॉर्स वॉज टू यंग. आय टोल्ड हिम."

"शी टोल्ड मी," म्हातारबुवांनी मान डोलावली.

परतताना सर चक्क रुसले होते. "हे लोक ऐकूनच नाही घेत बाप्पा. आधीच माफ करून टाकतात. माणसानं सांगायचं तरी कवा?"

त्यानंतर प्रणाली एक रविवार सोडून एक रविवार तिकडे जायला लागली. शिकलेलंच काम होतं तिचं. म्हातारीला कुशीवर वळवणं, पाठ पुसून काढणं, केस धुऊन देणं. दोघी तोडक्यामोडक्या गप्पा मारायच्या. म्हातारीने तिला गोधडीचा टाका शिकवला. निघताना प्रत्येक वेळी सर माझ्या दारात उभे राहून काही न बोलता गाडीची किल्ली तिच्यासमोर धरायचे. ती मान हलवायची. मग सर स्वतः चालवायचे. कधी आग्रह केला नाही की समजुतीच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. एकदा मी त्यांना म्हटलं, अहो, जरा रागावून तरी बघा. सर म्हणाले, "रागावून लगाम हातात देता येतो, ताई. धरता नाही येत."

याच दिवसांत सर खंगत चालले होते. छातीत दुखायचं, जिना चढताना मध्येच थांबायचे. तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. आता गाडी शिकवायला जायचं नव्हतं, त्यामुळे दुपारी घरी बसून असायचे. नवीन आलेल्या पोरांत त्यांचं नाव निघत नव्हतं, निघालं तरी त्या प्रकरणापुरतंच. त्यांना हे लागत होतं. "पोरं फोन नाही करत आता," एवढंच एकदा म्हणाले.

फेब्रुवारीत म्हातारी गेली. ती पुन्हा उठून उभी राहिलीच नव्हती. झोपून झोपून छातीत कफ झाला आणि दोनतीन दिवसांत आटोपलं. शेजारच्या शेतावरून कुणीतरी सरांना फोन केला, अंत्यविधीला या म्हणून म्हातारबुवांनी मुद्दाम निरोप दिला होता. मला वाटलं, प्रणाली आता कायमची मिटली. ती दिवसभर बेसमेंटमधून वर आली नाही. कपड्यांच्या घड्या घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती.

त्या सकाळी सर आले तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फाचे ढीग होते. प्रणाली माझा काळा कोट घालून दारात उभी होती. सरांनी किल्ली पुढे केलीच नाही, बहुधा त्यांनाही धीर झाला नसावा. प्रणालीने हात पुढे केला.

"सर, विंटर टायर्स आहेत ना?" तिने विचारलं.

"आहेत बेटा."

सर वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले आणि तिच्या शेजारी बसले. मी मागे. त्या गाडीत त्यांच्या पायाशी ब्रेक नव्हता. गाव संपेपर्यंत एकही सिनेटर मेला नाही. वळणावर ती मान वळवून बघत होती.

शेतावर पोहोचायच्या बरंच आधी आम्हाला बग्ग्या लागल्या. पांढऱ्या शेतांमधून काळ्या बग्ग्यांची लांब रांग दफनभूमीकडे निघाली होती, आणि आम्ही त्या रांगेच्या शेपटाला येऊन लागलो. सगळ्यांत मागच्या बग्गीतला घोडा कान हलवत चालला होता. प्रणालीने वेग कमी करत करत माणसाच्या चालीवर आणला, बरंच अंतर सोडलं आणि इंडिकेटरचे चारी दिवे लावले.

थोड्या वेळाने मागून एक पिकअप आला. भला मोठा, उंच. अगदी आमच्या पाठीला लागला आणि हेडलाइट्स मारायला लागला. समोरून कुणी येत नव्हतं, त्याला सगळ्यांना ओलांडून भरधाव पुढे जायचं होतं. मी म्हणणार होते की बाजूला घे, जाऊ दे त्याला. पण तो त्या वेगाने घोड्यांच्या शेजारून गेला असता तर? प्रणालीने आरशात पाहिलं. तिने गाडी बाजूला घेतली नाही, उलट जरा आत, रस्त्याच्या मधोमध आणली आणि त्याच चालीने चालत राहिली. मागचे दिवे आमच्या काचेवर पुन्हा पुन्हा लखलखत होते. पुढे घोडे आपल्या लयीत चालले होते, त्यांना यातलं काही कळलं नव्हतं.

मी सरांकडे पाहिलं. वाटलं, काहीतरी सूचना देतील, निदान "बाप्पा" तरी म्हणतील. सरांनी माकडटोपी काढून मांडीवर ठेवली होती. त्यांनी मान सीटला टेकली आणि डोळे मिटून घेतले. पाय लांब सोडले होते. प्रणाली गाडी चालवत होती, आणि सरांना तिच्या शेजारी शांत झोप लागली होती.

उन्हाळा लागायच्या आधी सर गेले. मला ते आठवतात ते तसेच.